शाई कोण धरून ठेवतं?

शेवगावच्या आठवडे बाजारात वांगी निवडणाऱ्या एखाद्या सत्तरीतल्या आजीच्या हाताकडे नीट बघा. मनगटाच्या वर तुळस, तिच्या बाजूला ठिपक्यांची रांग, कोपराकडे भावाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, हनुवटीवर एक टिंब. लग्नाच्या आगेमागे कधीतरी गोंदलेलं. आता हिशेब करा. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर महिना-सव्वा महिन्यात झडून जातो आणि खालून नवा येतो. म्हणजे पन्नास वर्षांत आजीची वरची कातडी चारशेहून जास्त वेळा नवी झाली. त्याच हातांनी तिने कापूस वेचला, भांडी घासली, खुरपं चालवलं, उन्हं झेलली. तरी तुळशीच्या फांद्या अजून मोजता येतात.

ही तुळस टिकली कशी, याचं समाधानकारक उत्तर मिळायला २०१८ साल उजाडावं लागलं. काजळीचा कण कातडीच्या आतल्या थरात घुसला की शरीर त्याला घुसखोर समजतं आणि तिथल्या भक्षक पेशी धावून येतात. जंतू असता तर त्यांनी गिळून पचवला असता. काजळी म्हणजे कार्बन. तो पचत नाही, आणि कण मोठा असला तर उचलून बाहेरही नेता येत नाही. मग ती पेशी कण पोटात घेऊन तिथेच बसून राहते. आपल्याला लांबून तुळस दिसते, पण खरं तर ती अशा असंख्य भरल्या पोटांची रांग असते.

पण पेशी तरी कुठे अमर असतात? फ्रान्समधल्या मार्सेई शहरात सांद्रीन आंरी आणि बर्नार मालिसें यांच्या गटाने उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढले आणि नंतर रंग गिळून बसलेल्या पेशी तेवढ्या निवडून मारल्या. टॅटू पुसट व्हायला हवा होता, पण झाला नाही. मेलेल्या पेशीतून रंग बाहेर सांडला आणि तिच्या जागी आलेल्या नव्या पेशीने तो जागच्या जागी गिळला. त्यांनी एका उंदराची टॅटू काढलेली कातडी दुसऱ्या उंदरावर लावून पाहिली, तर सहा आठवड्यांनी बहुतेक रंग दुसऱ्या उंदराच्या पेशींच्या पोटात गेलेला! म्हणजे आजीच्या हातावर गेली पन्नास वर्षं ही गुपचूप देवघेव चालू आहे. थोडे कण मधल्यामध्ये निसटतात आणि काखेतल्या लसिका गाठींपर्यंत जाऊन पोचतात. टॅटूवाल्या माणसाची शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना कधीकधी रंगलेली गाठ दिसते ती त्यामुळे.

प्रत्येक देवघेवीत कण केसभर इकडेतिकडे सरकतो. म्हणून वर्षांगणिक रेघ जाड होते, कड मऊ पडते, जवळजवळच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात. टॅटू आर्टिस्टचा सगळा धंदा या सरकण्याशी बांधलेला आहे. चित्रकाराला आजचं चित्र आज छान दिसलं की पुरतं. याला मात्र आज काढलेलं चित्र वीस वर्षांनी कसं दिसेल ते डोळ्यांपुढे आणून, त्या हिशेबाने आज वेगळं काढावं लागतं. समोरच्याला तर आत्ता, मोबाइलवर दिसतंय तसंच्या तसं हवं असतं. त्या दोघांमधली बोलणी हा मला टॅटूचा सगळ्यात रंजक भाग वाटतो. सुई त्यानंतर येते.

आता शेवगावसारख्या तालुक्याच्या गावातही टॅटूचं दुकान काही अपूर्वाईचं राहिलेलं नाही. तिथे येणाऱ्या पोरांच्या मागण्या महाराष्ट्रभर असतात त्याच: ‘आई’, महादेव, त्रिशूळ-डमरू, छत्रपतींचा चेहरा, राजमुद्रा, बाळाच्या पावलांचे ठसे आणि अर्थातच कुणाचं तरी नाव. चांगला आर्टिस्ट पहिल्या भेटीत सुईला हातही लावत नाही. तो विचारतो. का काढायचंय, कुठे, केवढं, आधीचं काही आहे का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कसली ॲलर्जी, जखमेचे वण फुगून वर येतात का. वय अठराच्या आत असेल तर सरळ घरी पाठवतो. बरोबर आणलेल्या फोटोतला टॅटू दुसऱ्या कुणासाठी खास काढलेला असेल, तर तो तसाच्या तसा उतरवायला नाही म्हणतो. त्यातलं काय आवडलं ते विचारून नवं चित्र करतो.

आपल्या भागात त्याला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. मुंबई-पुण्याच्या आर्टिस्टला ते सुचणारही नाहीत.

पहिला: “भाऊ, भरती करायची आहे का?”

पहाटे रस्त्यावर पळणारी निम्मी पोरं सैन्याच्या नाहीतर पोलिसांच्या भरतीची तयारी करत असतात, आणि टॅटू वैद्यकीय तपासणीत आडवा येऊ शकतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या कॉन्स्टेबल भरतीचा नियम वाचण्यासारखा आहे. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. जागा म्हणजे डाव्या हाताची, कोपराखालची आतली बाजू किंवा हाताची पाठ. आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी. डावाच हात, कारण सलाम उजव्याने करायचा असतो. सैन्यदलही सर्वसाधारण उमेदवाराला कोपर ते मनगट यातली आतली बाजू आणि हाताची पाठ एवढीच मोकळीक देतं, आदिवासी समाजांच्या परंपरेला मात्र वेगळी सवलत आहे. म्हणजे चित्राची चौकट सरकारने आधीच आखून दिलेली.

दुसरा प्रश्न: “रानात कधी जायचंय? ऊसतोडीला जाणार आहात का?” टॅटू म्हणजे काही दिवस उघडी जखमच असते. पहिले दोन-तीन दिवस लस पाझरते, मग पापुद्रे सुटतात, खाज सुटते, वरची कातडी जुळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात डुंबणं बंद, थेट ऊन बंद, पापुद्रा नखाने काढणं तर सक्त बंद. कापसाच्या बोंडांची टोकं, उसाच्या पाचटाची कुसळं, घाम आणि धूळ हे सगळे त्या जखमेचे वैरी. हंगामाच्या तोंडावर आलेल्या माणसाला “ताई, हंगाम उरकून या” असं सांगणारा आर्टिस्ट त्या दिवसाची कमाई सोडतो आणि स्वतःचं काम वाचवतो. रक्तदान करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की आपल्याकडच्या रक्तपेढ्यांच्या मार्गदर्शक नियमांनुसार टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही.

आता राजमुद्रेची गंमत बघा. अष्टकोनी मुद्रा, आत एक संस्कृत श्लोक, अनुष्टुभ छंदातला. अनुष्टुभ म्हणजे ३२ अक्षरं, त्यात ‘ष्णु’ आणि ‘स्यै’ सारखी जोडाक्षरं. पोरगा म्हणतो, मनगटावर दोन इंचात बसवा. दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर. कडेची नक्षी वजा करा, सहा ओळी धरा, एका अक्षराच्या वाट्याला सात-आठ मिलिमीटर येतात. त्यात ‘ष्णु’च्या पोटातली मोकळी जागा जेमतेम मिलिमीटरभर. पुढच्या काही वर्षांत रेघ दोन्ही अंगांनी अर्धा-अर्धा मिलिमीटर पसरली, तर ती जागा बुजली. मग त्या ठिकाणी अक्षर उरत नाही, काळा डाग उरतो. देवनागरी लिपीत वेलांट्या, गाठी, काने आणि वर शिरोरेघा; तिला मोकळी हवा लागते. म्हणून आर्टिस्ट म्हणतो, दंडावर घे, छातीवर घे, पाच-सहा इंच तरी दे. पण भरतीचा नियम म्हणतो, दंडावर नको, छातीवर नको. आणि हातावर फक्त पाव भाग! इकडे पेशींचा कायदा, तिकडे सरकारचा, मध्ये अडकलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. अशा वेळी पुष्कळदा ‘आई’वर तडजोड होते, आणि कलाकाराच्या नजरेने ती अगदी नामी निवड असते: दोनच अक्षरं, पोटं मोकळी, वर ठळक शिरोरेघ.

जागा ठरली तरी कागदावरचं चित्र हातावर जसंच्या तसं उतरत नाही. कोपराखाली आपल्याला दोन हाडं असतात. तळहात पालथा केला की एक हाड दुसऱ्यावरून फिरून जातं आणि वरची कातडी पिळली जाते. स्वतःच्या हातावर पेनाने कोपरापासून मनगटापर्यंत सरळ रेघ ओढा आणि हात उलटा करून बघा. रेघ वळलेली दिसेल. म्हणून चित्राचा जांभळा ठसा आधी कातडीवर उमटवताना माणसाला खुर्चीत हात पसरून बसवत नाहीत, रोजच्यासारखं सैल उभं करतात. आरशात बघ, चाल, हात हलव, नाही पटला तर पुसून पुन्हा. नावाची शिरोरेघ मनगटाभोवती वाकते तेव्हा ती किंचित उलटी वाकवून काढावी लागते, म्हणजे बघणाऱ्याला सरळ भासते. आणि शुद्धलेखन! ठसा उमटला की आर्टिस्ट अक्षर न् अक्षर गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पेशी काही दुरुस्त करत नाहीत.

तो जांभळा ठसाही मुळात सरकारी कचेरीचा नातेवाईक आहे. झेरॉक्स येण्यापूर्वी प्रती काढायला जांभळी शाई सोडणारा कार्बन वापरत. टॅटूचा स्टेन्सिल कागद त्याच घराण्यातला. मशीनची कुळकथा तर याहून भारी. थॉमस एडिसनने १८७६ साली विजेवर चालणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. हा पेन लिहीत नसे. त्याची सुई झपाट्याने खालीवर होऊन कागदाला बारीक भोकं पाडत जाई, आणि त्या भोकांतून शाई दाबून प्रती निघत. आपल्या शाळांच्या प्रश्नपत्रिका ज्यावर निघायच्या त्या सायक्लोस्टाईलचा हा पूर्वज. धंद्यात तो पेन फारसा टिकला नाही. पण १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने तीच युक्ती कातडीवर चालवली आणि टॅटू मशीनचं पेटंट घेतलं. कारकुनांचा वेळ वाचवायला निघालेलं यंत्र असं दंडावर येऊन बसलं.

या मशीनची सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, भरीव असते. तीन, पाच, सात, नऊ अशा बारीक सुया झाळून एकत्र केलेल्या, आणि त्यांच्यामधल्या फटींत शाई धरली जाते, टाकाच्या निबेत धरते तशी. सुया सेकंदाला शंभराच्या घरात खालीवर होतात. आत जायचं ते किती? एक ते दोन मिलिमीटर. वरच्या थरात राहिली तर शाई महिन्याभरात झडून जाते. फार खोल गेली तर खालच्या चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धुकं दिसतं, जे परत आवरता येत नाही. हा मिलिमीटरभराचा खेळ मनगटावर वेगळा, दंडावर वेगळा, म्हाताऱ्या कातडीवर आणखी वेगळा. सुई कितपत खोल गेली हे दिसत नाही. आवाजावरून, हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून कळतं. मोकळ्या हाताने कातडी तीन दिशांनी ताणून धरायची, उजव्या हाताने काम करणाऱ्याने खालच्या उजव्या कोपऱ्यापासून वर चढत जायचं, नाहीतर शाई पुसताना पुढचा ठसाच पुसला जातो. आधी रेघा, मग छटा. या सगळ्यात गिऱ्हाइकाचा श्वास ऐकत राहायचं. बरगडीवर काम असलं की माणूस श्वास रोखतो, मग घेरी येते. पोट रिकामं ठेवून येऊ नका असं आदल्या दिवशी बजावतात ते उगाच नाही.

रंगाच्या बाबतीतही एक चमत्कार रोज डोळ्यांसमोर असून आपण बघत नाही. आजीला गोंदलं काळ्या काजळाने, मग तुळस हिरवी-निळी का दिसते? काजळ बदललेलं नाही. कार्बन आतल्या थरात आहे, आणि त्याच्यावर कातडीचा अर्धपारदर्शक पडदा. निळ्या बाजूचा प्रकाश त्या पडद्यात विखरून लवकर परत फिरतो. तांबडा खोल जातो आणि काजळीत गडप होतो. परत आलेल्या निळ्यात आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा पिवळा-तपकिरी मिसळला की डोळ्यांना हिरवट दिसतं. प्रत्येक रंग असाच कातडीच्या रंगाच्या काचेतून दिसतो. म्हणून परदेशी गोऱ्या दंडावरचा फिका पिवळा न् गुलाबी फोटो आणून “अस्साच पाहिजे” म्हणणाऱ्याला सांगावं लागतं की तुझ्या हातावर तो बरा झाल्यावर मळकट दिसेल. सावळ्या कातडीवर ठळक काळा आणि मध्ये कोरी सोडलेली कातडी, हाच उजेड-अंधाराचा खेळ सगळ्यात देखणा दिसतो. तांबड्या रंगाची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त आढळते, तेही जाताजाता सांगितलेलं बरं.

इथे मला पुन्हा गोंदणाकडे वळावंसं वाटतं, कारण हे सगळं शहाणपण गोंदणारणीच्या हातात आधीपासून होतं. शेजारच्या पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा, रंगपंचमीला मोठी गर्दी, गाढवांचा प्रसिद्ध बाजार. भटक्या-विमुक्तांची पंढरीच ती. गोंदण गावोगाव पोचवलं ते अशाच भटक्या जमातींतल्या बायकांनी. त्या दारोदार फिरत, जत्रांत बसत. तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, काजळ कालवायचं, टोचायचं, वरून हळद लावायची. काजळीची ही कृती किती जुनी, तर १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या, ओट्झीच्या, अंगावर काजळीच्याच ६१ खुणा आहेत.

गोंदणाचे आकार बघा: सुटे ठिपके, जाडसर रेघा, फुल्या, आणि दोन खुणांमध्ये भरपूर मोकळी कातडी. आपल्याला ते साधं, अडाणी वाटतं. पण ठिपका दुप्पट झाला तरी ठिपकाच राहतो. ठिपक्यांची तुळस पसरून पसरून किती पसरेल? पन्नास वर्षांनीही ती तुळसच वाचली जाते. बारीक छटांचा हुबेहूब चेहरा त्या मानाने किती नाजूक! पिढ्यान्‌पिढ्या म्हाताऱ्यांच्या हातांवर काय टिकलं आणि काय बुजलं ते बघत बघत या बायकांनी आपली आकृत्यांची वही मनात ठरवली होती, असं मला वाटतं. आजच्या चांगल्या आर्टिस्टने शेवगावच्या बाजारात एक फेरी मारून आज्यांचे हात बघितले, तर त्याला कुठल्याही प्रदर्शनापेक्षा जास्त शिकायला मिळेल.

मात्र जुन्याचं कौतुक करताना त्याची आरती नको. एकच सुयांचा जुडगा एका हातावरून दुसऱ्या हातावर जाई. त्यातून कावीळ ‘ब’ आणि ‘क’ सारखे रोग पसरू शकतात हे तेव्हा माहीत नव्हतं. आज जत्रेत बॅटरीचं मशीन घेऊन बसणाऱ्याकडे हाच धोका आहे, आणि आता तर माहीत असून. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं, शाई नव्या छोट्या वाटीत ओतली, हातमोजे नवे घातले, तर बसायचं. नाहीतर उठून यायचं, लाजायचं नाही. आणखी एक. लहान पोरीला चौघींनी धरून ठेवायचं आणि टोचायचं. तुला काय हवं, हे तिला सहसा कुणी विचारत नसे. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण नको म्हणून लेसरकडे वळलेल्या बायका आहेत, त्यामागे हेही एक कारण असावं. पहिल्या भेटीतली ती लांबलचक प्रश्नावली मला म्हणूनच मोलाची वाटते.

लेसरलाही शेवटी त्याच पेशींशी झुंजावं लागतं. लेसर रंगाच्या कणाचे बारीक तुकडे करतो, शरीराने ते वाहून न्यावेत म्हणून. पण पेशी फुटली की शेजारीण पुन्हा तयारच! म्हणून आठवड्यांच्या अंतराने पुष्कळ बैठका लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा-पिवळा चिवट. खर्च आणि वेदना दोन्ही काढण्यापेक्षा जास्त, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांची धाव कव्हर-अपकडे असते, म्हणजे जुन्यावर नवं चित्र.

त्यालाही पेशींचा कायदा लागू. वरून पांढरा मारून खालचा काळा झाकता येत नाही. नवी शाई जुन्यात मिसळते, तिच्यावर बसत नाही. फिक्यावर गडदच चढतं. म्हणून जुन्या अक्षरांचे काने-मात्रे पिसांच्या काड्या होतात, शिरोरेघ फांदी होते, आणि नवं चित्र जुन्याच्या दुप्पट-तिप्पट मोठं होतं. अनुभवी आर्टिस्ट हे आधीच धरून चालतो. हातावर मैत्रिणीचं नाव काढायला आलेल्या पोराला तो उपदेश करत नाही. नाव जरा लहान काढू आणि आजूबाजूला चार बोटं जागा मोकळी ठेवू, एवढंच सुचवतो. पुढेमागे तिथे मोर बसला पाहिजे.